किटलीचे पुढचे दोन दात

पांढरेसाहेबांचं आडनाव पांढरे नव्हतं. रंगाच्या कारखान्यात ते पांढऱ्या रंगाच्या विभागात होते, आणि इतकी वर्षं होते की खरं आडनाव आता फक्त पगाराच्या दिवशी वापरात येई. पांढरा म्हणजे पांढरा, त्यात बघायचं काय, असं म्हणणाऱ्यांची साहेबांना मनापासून कीव यायची. खडूचा पांढरा वेगळा, शंखाचा वेगळा, शिंपल्याचा वेगळा आणि इस्पितळाच्या भिंतीचा तर कोणाच्याच नात्यातला नाही. कारखान्यात डबे भरण्याआधी शेवटचा शब्द साहेबांचा असे. ते रंगवलेला पत्रा घेऊन खिडकीपाशी जात, उजेडात तिरका धरत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "पिवळा मारतोय." झालं. अख्खी टाकी परत. घरात मात्र त्यांचा शेवटचा शब्द राहू द्या, पहिलाही कोणी ऐकून घेत नसे.

त्यांना एकच मुलगी. दुसरीत होती. तिला सगळे किटली म्हणत, कारण तिचं हसू किटलीसारखं होतं. आधी आतल्या आत काहीतरी उकळायचं, खांदे हलायला लागायचे, मग नाकातून बारीक वाफ, आणि शेवटी झाकण उडाल्यासारखं मोठ्यांदा, मान मागे टाकून, सगळे दात दाखवून. ती हसली की शेजारच्या घरातली माणसंही कारण ठाऊक नसताना हसायची.

एका रविवारी साहेब सहकुटुंब थोरल्या भावाकडे जेवायला गेले होते. जेवता जेवता भावाला शिंक आली आणि तोंडाशी धरलेला कागदी रुमाल उडून थेट आमटीत पडला. किटलीचं झाकण उडालं. सगळेच हसले, पण वहिनी हसता हसता थांबल्या आणि तिच्या तोंडाकडे निरखून पाहत म्हणाल्या, "भावजी, हिचे पुढचे दात पिवळे दिसतात का हो? आमच्या दोन्ही मुलांचे नव्हते बाई असे."

हे वाक्य त्यांनी अगदी काळजीने म्हटलं. वहिनी नेहमी काळजीनेच बोलत. त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नसे.

साहेबांनी पाहिलं. वरचे पुढचे दोन दात नुकतेच आलेले, रुंद, शेजारच्या इवल्याशा दुधाच्या दातांमध्ये पाहुण्यांसारखे बसलेले. आणि साहेबांचा डोळा आपोआप मिटला. पिवळा मारत होता. मुलीचे दात पिवळे आहेत याचं त्यांना तितकंसं वाईट वाटलं नाही, जितकं ते वहिनींना आधी दिसले याचं वाटलं. ज्या माणसाच्या डोळ्यावर कारखाना चालतो, त्याच्या स्वतःच्या घरातला माल दुसऱ्याने नापास करावा?

दुसऱ्या दिवशी साहेब कारखान्यातून रंगांच्या छटांचं कार्ड घेऊन आले. किटलीला खिडकीत उभं केलं, आ करायला लावलं, आणि तिच्या ओठापाशी कार्ड धरून एकेक छटा लावून पाहिली. बाजूचे दुधाचे दात 'शंख'ला तंतोतंत जुळले. पुढचे दोन मात्र खाली खाली घसरत 'हस्तिदंत'वर येऊन थांबले.

"हस्तिदंत," साहेब गंभीरपणे म्हणाले.

"म्हणजे दातच ना?" बायको आतून म्हणाली. "मग झालं तर. अहो, नवे दात आहेत ते. दुधाच्या दातांपेक्षा जरा पिवळेच असतात. माझेही तसेच आले होते."

हे तिने भाजी निवडता निवडता सांगितलं, म्हणून ते कोणी मनावर घेतलं नाही. हीच गोष्ट एखाद्याने टाय लावून, फळ्यावर दाताचं चित्र काढून सांगितली असती, तर ही कथा इथेच संपली असती.

साहेबांच्या आईला मात्र कारण लगेच सापडलं. सुनेने दिवस असताना दूध प्यायलं नाही, मग पोरीचे दात कुठून पांढरे येणार? यावर सुनेने आठवण करून दिली की पोर तान्ही असताना घरातल्या कोणीतरी, नाव घेत नाही, लोहाचं टॉनिक चमच्यामागून चमचा पाजलं होतं आणि त्याने दात काळवंडतात. आई म्हणाल्या, ते टॉनिक होतं म्हणून पोर उभी राहिली. सून म्हणाली, पोर वय झालं म्हणून उभी राहिली. त्यानंतर दोघी एकमेकींशी साहेबांच्या मार्फत बोलू लागल्या. "तुझ्या बायकोला सांग, गॅस बारीक कर." "आईंना सांगा, केलाय." साहेब मध्ये बसून निरोप्याचं काम करत. कारखान्यात या कामाला दोन माणसं होती आणि दोघांना चहाची सुट्टी होती.

अशा वेळी शेजारी कामाला येतात. समोरच्या काकूंनी विषय ऐकला आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कोणाला तरी अखेर आपली गरज पडल्याचं समाधान पसरलं. त्या म्हणाल्या, "सोडा आणि लिंबू. बोटावर घ्यायचं आणि रोज संध्याकाळी चोळायचं. आमच्या भाचीचे दात असे झाले की फोटोत डोळे दिपतात."

साहेबांनी त्या भाचीचा फोटो मागायला हवा होता. त्यांनी सोडा मागितला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बेसिनपाशी स्टुलावर किटली, तिच्यासमोर बाह्या सरसावलेले साहेब. पहिल्या दिवशी सोडा तोंडात फसफसला आणि किटलीला इतकं हसू आलं की सगळा फेस साहेबांच्या शर्टावर. नंतर ती हसेनाशी झाली. "बाबा, झोंबतंय." "झोंबणारच. रंग चढायच्या आधी पत्रा घासावा लागतो. घासला नाही तर काहीच टिकत नाही." "मी पत्रा नाहीये," किटली म्हणाली. हे साहेबांना फारच हजरजबाबी वाटलं आणि त्यांनी ते दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. घासणं चालू राहिलं.

पण दातांचा रंग काही हलेना. उलट साहेबांना अशी शंका येऊ लागली की 'हस्तिदंत'च्याही खालच्या घराकडे प्रकरण सरकतंय. त्यांनी कार्डाला दोष दिला, बल्बला दोष दिला, खिडकीच्या पडद्यांचा पिवळेपणा दातांवर पडतोय म्हणून पडदे काढून टाकले. आता समोरच्या इमारतीतल्या लोकांनाही रोज संध्याकाळचा कार्यक्रम बसल्या जागी दिसू लागला.

त्यातून वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले. मास्तरांनी हयातभर रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यापासून ते शिकवायला माणूस शोधत होते. त्यांनी जिन्यातच किटलीचं तोंड उघडायला लावलं, आपला चष्मा वर केला आणि एकच शब्द म्हणाले, "पाणी."

"प्यायला आणू?" साहेबांच्या बायकोने विचारलं.

"पाण्यात दोष आहे. पाण्यात फ्लोराइड जास्त झालं की दातांवर डाग पडतात. पांढरे ठिपके, तपकिरी पट्टे."

"पण हिचे डाग नाहीत. नुसते पिवळे आहेत. आणि तेही दोनच."

"ही सुरुवात असेल," मास्तर म्हणाले. विज्ञानावर श्रद्धा असलेल्या माणसाशी वाद घालणं फार अवघड असतं.

साहेबांना हे कारण एकदम पटलं. त्यात आईचा दोष नव्हता, बायकोचा नव्हता, आणि मुख्य म्हणजे त्यांचा स्वतःचा नव्हता. ते रजा टाकून पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेले. खिडकीतला कारकून म्हणाला, एकट्या माणसाच्या तक्रारीवर पाणी तपासत नाही. इमारतीच्या सेक्रेटरीने तक्रार करायला हवी. साहेब सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरी दाढी करत होता. तो आरशातूनच म्हणाला, "पाण्यात दोष निघाला तर मी तक्रार करीन ना. उगाच कशी करू?" साहेब परत कार्यालयात. कारकून म्हणाला, "दोष निघायला तपासणी लागते." साहेब म्हणाले, "तेच मी म्हणतोय." कारकून म्हणाला, "मग आपलं एकमत आहे," आणि जेवायला गेला.

शेवटी कारखान्यातल्या एकाचा मेहुणा पाण्याच्या प्रयोगशाळेत निघाला. त्याने निरोप दिला, स्वच्छ बरणीत नमुना आणून द्या, मी मध्ये सरकवतो. साहेबांना अशा ओळखीपाळखीच्या कामांचा तिटकारा होता. पण हा तिटकारा त्यांना नेहमी दुसऱ्यांची कामं होताना यायचा.

स्वच्छ बरणी म्हणजे काय, हे साहेबांना कोणी शिकवायची गरज नव्हती. कारखान्यात नमुन्यांच्या बरण्या पडलेल्याच असतात. त्यातली एक त्यांनी आणली, गरम पाण्याने धुतली, पुन्हा धुतली, उजेडात धरून एक डोळा मिटून पाहिली. बरणी पांढरी होती आणि आत काहीही नव्हतं. निदान दिसत तरी नव्हतं. त्यांनी ती नळाच्या पाण्याने काठोकाठ भरली आणि स्वतः नेऊन दिली.

पुढच्या आठवड्यात सकाळी सकाळी एक गाडी आली. शिडी घेऊन दोन माणसं गच्चीवर गेली आणि इमारतीच्या टाकीला सील ठोकून खाली आली. "पाण्यात बाहेरचा पदार्थ आहे," एवढंच त्या माणसांनी सांगितलं. काय पदार्थ, कुठून आला, ते वरचे साहेब सांगतील.

तो दिवस पांढरेसाहेबांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. सगळी इमारत जिन्यात जमली. सेक्रेटरीच्या तोंडचं पाणी पळालं, आणि इतरांचं तर नळाचंही. मास्तरांनी दोन पायऱ्या वर चढून भाषण केलं. काकू म्हणाल्या, "साहेब होते म्हणून कळलं, नाहीतर आपण सगळे विष पीत बसलो असतो." ज्यांनी साहेबांना कधी वाट दिली नव्हती, त्यांनी बसायला खुर्ची दिली. साहेब खुर्चीवर बसून नम्रपणे सांगत होते की मुलीच्या दातांवरून मला संशय आला. किटलीला बोलावून तिचे दातही सगळ्यांना दाखवण्यात आले. ती आ करून उभी राहिली आणि माणसं एकेक करून वाकून पाहून गेली. तळमजल्यावरचे एक गृहस्थ तर चष्मा आणायला घरी जाऊन परत आले.

पण कौतुकाला पाणी लागत नाही. बाकी सगळ्याला लागतं. टँकर यायचा तो गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि तिथून बादल्या उचलून जिने चढायचे. दुसऱ्या दिवसापासून लोक दात-ओठ खात चढू लागले. काकूंची कंबर धरली. मास्तरांनी आंघोळ ही गोष्ट आरोग्याला अनावश्यक आहे असं शास्त्रीय कारण शोधलं आणि मग त्यांच्याजवळ उभं राहून ते ऐकायला कोणी तयार होईना.

साहेबांची बायको बादली घेऊन चढत होती. मागून साहेब, दोन्ही हातांत दोन. मधल्या वळणावर ती थांबली आणि मागे न बघता तिने विचारलं, "अहो, पाणी कशातून नेलं होतं?"

"बरणीतून."

"कुठल्या?"

"कारखान्यातल्या. पण मी धुतली होती. स्वतः."

तिने बादली पायरीवर ठेवली, पदराने कपाळ पुसलं आणि भिंतीकडे पाहिलं. पांढऱ्या बरणीत पांढऱ्या रंगाचा पापुद्रा कोणाच्या बापाला दिसणार, हे साहेबांच्या तेव्हा ध्यानात आलं. मग तिने बादली उचलली आणि राहिलेले जिने चढली.

साहेब कार्यालयात जाऊन सगळं सांगते झाले. अधिकारी शांतपणे ऐकत होता. "म्हणजे पाणी चांगलं आहे. तुमची बरणी खराब होती."

"हो."

"तुम्ही काय करता?"

"रंगाच्या कारखान्यात आहे. पांढरा रंग तपासतो."

अधिकाऱ्याने हेही कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाला, "असं बघा, टाकीला सील का लावायचं, याची कारणं आमच्याकडे पुष्कळ आहेत. पण लावायलाच नको होतं म्हणून काढायचं, असं कारण नाही. आता टाकी रिकामी करा, घासून घ्या, पुन्हा भरा, पुन्हा तपासू, मग सील निघेल." त्यामुळे स्वच्छ टाकी घासून स्वच्छ करण्यात आली. वर्गणी काढताना सेक्रेटरी साहेबांच्या दारात जरा जास्तच वेळ उभा राहिला.

ही बरणीची गोष्ट साहेबांच्या आधी जिना चढून घरोघर पोचली होती. मोठी माणसं सभ्य होती. ती साहेबांना काही बोलली नाहीत. फक्त त्यांना पाहून दारं लावून घेऊ लागली. मुलं एवढी सभ्य नसतात. आणि त्यांनी साहेबांना नाही, किटलीला गाठलं. मुलांचा हिशेब सरळ होता: हिचे दात पिवळे, म्हणून पाणी गेलं. अंगणात खेळताना कोणीतरी म्हणालं, "किटली, तोंड बंद ठेव, नाहीतर पुन्हा पाणी जाईल." साहेबांनी हे गॅलरीतून ऐकलं. किटलीही हसली होती त्यावर, मान मागे टाकून. विनोद चांगलाच होता. पण मुलं चांगला विनोद एकदा करून थांबत नाहीत. ती हसली की मुलं तो पुन्हा करायची. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. मग एकदा साहेबांना दिसलं, की ती हसायला लागली, खांदे हलले, आणि झाकण उडायच्या आत तिने हात उचलून तोंडावर धरला.

त्यांना वाटलं, दात पांढरे झाले की हे आपोआप थांबेल. ते सोडा-लिंबू जरा जोर लावून चोळू लागले.

शेवटी बायकोने निर्णय घेतला. तो तिने साहेबांना सांगितला नाही, आईंना सांगितला, थेट, आणि आई म्हणाल्या, "आधीच न्यायला हवी होती." इतक्या दिवसांनी दोघी एकमेकींशी बोलल्या त्या या विषयावर, त्यामुळे साहेबांना विरोध करायला जागाच उरली नाही. किटलीला घेऊन नवराबायको दातांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, थकलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी किटलीला खुर्चीत बसवलं आणि तोंड उघडायला सांगितलं. किटलीने उघडलं नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं. किटलीने आईकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. बाईंनी उठून दार लावून घेतलं. तेव्हा तिने तोंड उघडलं.

बाईंनी आरसा फिरवून नीट पाहिलं. "छान दात आहेत. काय तक्रार?"

"पिवळे आहेत," साहेब म्हणाले.

"पिवळे असतातच. दुधाचे दात जास्त पांढरे. कायमच्या दाताचं वरचं आवरण दुधाच्या दातासारखं अपारदर्शक नसतं, त्यातून आतला पिवळसर थर दिसतो. शेजारी दुधाचे दात आहेत तोवर फरक डोळ्यात भरतो. ते पडले की सगळे एकसारखे दिसतील. कोणाचं लक्षही जाणार नाही."

साहेबांनी खिशातून कार्ड काढलं. बायकोने मान दुसरीकडे वळवली. "माफ करा, पण मी या क्षेत्रातला आहे. हे बघा, हस्तिदंताच्याही खाली..."

बाईंनी ते कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. मग खणातून स्वतःची पट्टी काढली. त्यावर ओळीने खोटे दात लावलेले होते, फिक्यापासून गडदापर्यंत. साहेब नकळत पुढे सरकले. इतकं सुबक काम त्यांनी क्वचित पाहिलं होतं. त्यांनी ती पट्टी उजेडात तिरकी धरली, एक डोळा मिटला, आणि त्यांच्या ध्यानात आलं, की त्यात एकही दात पांढरा नाही. सगळ्यात फिकासुद्धा पिवळा मारत होता.

"माणसाचे दात असेच असतात," बाई म्हणाल्या. त्यांनी पट्टी किटलीच्या ओठापाशी धरली. तिचे दात फिक्या टोकाला जुळले. मग, बहुधा सवयीने, त्यांनी ती साहेबांच्या तोंडापाशी धरली आणि सरकवत सरकवत बरीच लांब नेली. साहेबांनी तोंड मिटलं.

"आता हे सांगा, हिच्या दातांना काय चोळता?"

साहेबांनी कार्ड खिशात घातलं.

"नवा दात कोवळा असतो. यावर काहीतरी आंबट आणि खरखरीत रोज चोळलेलं दिसतंय. वरचं आवरण जरा झिजलंय. त्याने दात पांढरा होत नाही, आतला पिवळा रंग अजून वर दिसतो. आणि हिरड्या सोललेल्या आहेत." त्या किटलीला म्हणाल्या, "दुखत होतं का गं?"

किटलीने मान डोलावली.

"मग सांगितलं नाहीस घरी?"

"सांगितलं होतं," किटली म्हणाली.

घासणं त्या दिवशी थांबलं. साहेबांनी सोड्याचा डबा स्वतः फेकला, कार्ड कारखान्यात परत नेलं, किटलीला समोर बसवून सांगितलं की तुझे दात एकदम उत्तम आहेत, डॉक्टरांनी सांगितलंय, आता खुशाल हस. किटली म्हणाली, "बरं, बाबा." तोंडावर हात धरून म्हणाली. तिला हसवायला साहेबांनी काय काय केलं, ते सांगण्यासारखं नाही. ते मुद्दाम घसरून पडले आणि गुडघा खरचटून घेतला. तिने आयोडीन आणून दिलं.

काही महिन्यांनी शाळेत पालकसभा होती. वर्गातल्या छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. बाई एकेका मुलाबद्दल बोलत होत्या. कोणाचं अक्षर, कोणाची मारामारी, कोणाचा डबा परत जातो. किटलीचं नाव आलं तेव्हा बाईंचा चेहरा उजळला.

"हिचे आईवडील कुठे आहेत? जरा उभे राहता का?"

पांढरेसाहेब बाकातून सुटून कसेबसे उभे राहिले. बायको बसूनच राहिली.

"मला हे मुद्दाम सांगायचंय. वर्षाच्या सुरुवातीला या मुलीमुळे वर्गात शिकवणं कठीण झालं होतं. सतत दात काढायची. ही हसली की सगळा वर्ग सुटायचा. आणि आता बघा. शांत बसते, तोंडातून आवाज नाही, हसू आलं तरी हात तोंडावर. इतका चांगला बदल मी कुठल्याच मुलात पाहिला नाही. घरी काय केलंत, ते बाकीच्या पालकांना सांगाल का?"

सगळ्या माना वळल्या. साहेबांनी घसा साफ केला. त्यांना सांगायचं होतं. खरोखरच, सुरुवातीपासून सगळं सांगायचं होतं. "त्याचं असं झालं, की तिचे दात..." एवढं म्हणून त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिथे मैदानात पालकांची वाट पाहणारी पोरं खेळत होती आणि कडेला, पाठीला दप्तर लावून, किटली उभी होती.

"विशेष काही नाही," साहेब म्हणाले. "थोडं लक्ष दिलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब खाली बसले. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ पुढे वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "आमचा मुलगाही फार खिदळतो हो. काही केल्या ऐकत नाही. नेमकं काय केलंत, मला एकट्याला सांगा ना."

"हसू द्या त्याला," साहेब म्हणाले.

गृहस्थांचा चेहरा पडला. "नसेल सांगायचं तर राहू द्या," ते म्हणाले, आणि मागे टेकून बसले.